बावीस नंबरचा फॉर्म

लॉन्ड्री आणि डोनटच्या दुकानामध्ये
चिणून बसवलेलं माझं ऑफिस.
काचेवर पिवळी अक्षरं: विमा. आजच्या आज. कोणालाही.
त्या 'कोणालाही'वर बोट टेकवून
ओडेल प्रुइट आत आला,
बुटांना फेब्रुवारीचा काळा बर्फ,
म्हणाला, "मीच तो. कोणीही."

डिकेटरमध्ये वारा पडला की
सोयाबीन शिजल्याचा वास गावावर
ओल्या घोंगडीसारखा बसतो.
तो वास त्याच्या कोटाला होता.
कारखान्यात रात्रपाळी, साडेचार मैल,
आठ महिने पायी.
एकदा पोलिसाने गाडी हळू करून विचारलं,
"बंद पडली का गाडी?"
"गाडी नाही साहेब, मी."

माझे प्रश्न ठरलेले असतात.
लायसन्स कधी गेलं? कशाने?
त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.
एल्डोराडो स्ट्रीट. चार बिअर, आणि वर आणखी काही.
सिग्नलला उभी असलेली निळी गाडी.
"मागच्या सीटवर बाळाची खुर्ची होती," तो म्हणाला.
"रिकामी."
मी टाइप करत राहिले.
"रिकामी होती," तो पुन्हा म्हणाला.
यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

सुनावणी झाली होती, दंड भरून झाला होता,
दारूचे वर्ग संपले होते, बायकोही.
उरला होता हा एवढा कागद.

गाडीचा नंबर?
विकली. वकिलाला गेली.
मग मी समजावलं,
गाडी नसणाऱ्याचाही विमा निघतो.
"म्हणजे नसलेल्या गाडीचे पैसे भरायचे?"
"महिन्याला एकशे बारा डॉलर."
"माझ्या असलेल्या गाडीला इतके पडत नव्हते."
"तेव्हा तुम्ही भरतही नव्हता,"
असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

हा कागद म्हणजे विमा नव्हे, मी सांगितलं.
ही ग्वाही.
कंपनी राज्याला कळवते: हा माणूस आमच्याकडे आहे,
आम्ही जामीन.
तीन वर्षं, एका दिवसाचाही खंड नको.
ज्या दिवशी हप्ता चुकेल
त्या दिवशी त्याच तोंडाने आम्ही चहाडी करू.
त्याने मान हलवली.
जामीन आणि चहाडखोर एकाच घरात राहतात,
याचं त्याला नवल वाटलं नाही.

एक बटण दाबलं.
स्प्रिंगफील्डला फॉर्म गेला, आवाज न करता.
"मार्लिस," तो माझ्या टेबलावरची पाटी वाचून म्हणाला,
"तुम्ही कधी पिऊन गाडी चालवली?"
"मी फॉर्म पाठवते," मी म्हणाले.

त्याच्या हप्त्याची तारीख
मी ड्रॉवरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिली.
हे माझं काम नव्हे.
एकोणतिसाव्या महिन्यात पैसे आलेच नाहीत.
फोन उचलेना. पडद्यावर दुसरा फॉर्म तयार,
चहाडीचा, नावासकट.
सकाळी सातला कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले.
पाळी सुटली, माणसं वाफेसारखी बाहेर आली,
तो शेवटून तिसरा.
कार्डाची मुदत संपली होती, एवढंच.
माझ्याच बॉनेटवर त्याने नोटा मोजल्या,
सुट्ट्यांसकट,
आणि वारा आला तेव्हा आम्ही दोघांनी
एकदमच हात ठेवले.

सदतिसाव्या महिन्यात राज्याकडून काही येत नाही.
अभिनंदनाचा फॉर्म नसतो.

परवा एल्डोराडोवर माझ्यापुढे एक जुनी करडी गाडी होती,
पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर सोडून.
सिग्नल हिरवा झाला, पुढची गेली, ही जागची हलेना.
आरशात त्याचे डोळे दिसले,
माझ्याकडे नाही,
त्याच्या स्वतःच्या मागच्या सीटकडे लागलेले.
मागे हॉर्न सुरू झाले, एक, मग चार.
मी स्टीअरिंगवरून हात काढून
मांडीवर ठेवले.